चिकट बटणं, लोंबतं छत

गाडी बाहेरून कितीही चकाचक ठेवा, दार ओढून घेताना हँडल बोटांना चिकटलं की शेजारी बसणारा मनातल्या मनात तिचं वय मोजतो. माझी हॅचबॅक २०१० ची. इंजिन ठणठणीत, गिअर लोण्यासारखे पडतात, पण आतून तिची पार रया गेली होती.

गाडी मूळची बाबांची. रत्नागिरीला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये तिची उमेदीची वर्षं गेली. मग ती पुण्याला माझ्याकडे आली आणि सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत उघड्यावर उभी राहायला लागली. आधी दमट हवा, नंतर रणरणतं ऊन. आतल्या फोमला, गोंदाला आणि प्लास्टिकवरच्या लेपाला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. चारही दारांची आतली हँडलं आणि काचांच्या बटणांभोवतीच्या पट्ट्या चिकट झालेल्या, छताचं कापड मागच्या बाजूने सुटून मागे बसणाऱ्यांच्या डोक्याला लागायचं, स्टिअरिंगचं लेदर वरच्या अंगाला घासून पांढरट पडलेलं. सर्व्हिस सेंटरने सरळ सगळे भाग नवे घाला म्हणून सांगितलं, आणि त्यातले निम्मे आता मिळत नाहीत हेही त्याच दमात सांगितलं. तेव्हा हिवाळ्यात सुट्ट्या जोडून हे काम घरी करायचं ठरवलं.

हिवाळाच का, तर पावसाळ्यात स्प्रेचा रंग दमट हवेमुळे पांढुरका पडतो आणि उन्हाळ्यात तो पृष्ठभागावर पोचायच्या आत हवेतच सुकून खरखरीत बसतो. दिवाळीनंतर पुण्याची हवा कोरडी होते. सकाळी प्लास्टिक गार आणि ठिसूळ असतं, म्हणून दारं खोलायची तीसुद्धा ऊन चांगलं वर आल्यावर.

चिकटपणापासून सुरुवात केली. हा मळ नव्हे, त्यामुळे साबणाने कितीही धुतलं तरी तो जात नाही. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत कडक प्लास्टिक हाताला मऊ लागावं म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ, मखमली लेप असायचा. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्यात शिरतो आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत राहतो. उष्णतेने तोडण्याचा वेग वाढतो. शेवटी लेप लिबलिबीत होऊन हाताला लागायला लागतो. कोकणात वाढलेल्या गाडीचं हे व्हायचंच होतं. बाबा त्यावर टाल्कम पावडर चोळायचे. चार दिवस बरं वाटायचं, मग पावडरीसकट चिकटायचं.

असा लेप दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाईल दुरुस्तीवाले सर्किट साफ करायला वापरतात तेच. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास 'आयपीए द्या' म्हटलं की दुकानदार पुढचं काही विचारत नाही. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन यावर अजिबात लावू नये. ते लेपाबरोबर खालचं एबीएस प्लास्टिकही विरघळवतं आणि मग मागे वळायला वाट राहत नाही.

काढायची रीत अशी. टिश्यू पेपर अल्कोहोलमध्ये भिजवून भागावर पसरायचा, वरून प्लास्टिकची पिशवी दाबून गुंडाळायची, म्हणजे अल्कोहोल उडून जात नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पिशवी काढली की लेपाला सुरकुत्या पडलेल्या दिसतात. जुन्या एटीएम कार्डाची कड तिरपी धरून ओढली की काळा चिखल गोळा होतो. कोपऱ्यांत आणि खाचांत जुना टूथब्रश. मग परत टिश्यू, परत पिशवी. हातात नायट्राइलचे मोजे घाला, नाहीतर नखांच्या कडा आठवडाभर काळ्या राहतात. आणि हे सगळं गच्चीवर, उघड्या हवेत करा. अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर नकोच.

हँडलांचा लेप उतरल्यावर खालून छान कडक काळं प्लास्टिक निघालं, छटेला थोडंसं कमी-जास्त, पण साफ. ते मी रंगवलंच नाही. ज्या भागाला दिवसातून वीस वेळा हात लागतो, अंगठीची कड लागते, तिथे घरच्या स्प्रेचा रंग वर्षभरात कडांना उडतो आणि मग तो उडालेला रंग मूळ चिकटपणापेक्षा वाईट दिसतो. घरी काम करणारे सगळ्यात जास्त हौस रंगावर करतात. मला वाटतं या कामातला मोठा वाटा आधी कुणी लावलेलं काढून टाकण्याचाच आहे.

काचांच्या बटणांची गोष्ट वेगळी. बटणावरचं काचेचं चिन्ह वरून छापलेलं नसतं. खाली पांढरट, प्रकाश आरपार जाणारं प्लास्टिक असतं, त्यावर काळा लेप असतो आणि लेझरने तो लेप चिन्हाच्या आकारात उडवलेला असतो. म्हणून रात्री चिन्ह उजळतं. लेप काढला की चिन्हही गेलं आणि आख्खं बटण रात्री पांढरं दिसायला लागलं असं होतं. त्यामुळे बटणांना अल्कोहोल लावलं नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने नुसती टिपून घेतली. ड्रायव्हरच्या बाजूचा बटणांचा संच मात्र पार गेला होता, तो नाना पेठेतल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून कोरड्या गावच्या एखाद्या गाडीचा असावा असा, चिकट न झालेला शोधून आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कनेक्टर नीट बघून घ्या, दिसायला सारखे असतात." खरंच होतं. बाहेरून हुबेहूब दोन संच, पण मागच्या पिनांची संख्या वेगळी.

दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढताना आधी स्क्रू शोधायचे. हँडलच्या मागे छोट्या झाकणाखाली एक, आर्मरेस्टच्या खळग्यात एक-दोन, कडेला एखादा. सगळे निघाल्याची खात्री झाल्यावरच खालच्या कडेपासून प्लास्टिकच्या पटाशीने क्लिपा एकेक उचकटायच्या. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घुसवला की पत्र्याचा रंग निघतो आणि पॅडची कड कायमची चेपते. जुन्या क्लिपा तुटतातच. आधीच डझनभर आणून ठेवल्या तर दुपार वाया जात नाही.

पॅड उलटं केलं की प्लास्टिकवर कोणतं प्लास्टिक ते उठावात कोरलेलं दिसतं, आणि पुढचं सगळं काम त्या दोन-तीन अक्षरांवर ठरतं. एबीएस असेल तर रंग धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर धरत नाही. आपल्या बादल्या, खुर्च्या ज्या प्लास्टिकच्या असतात तेच हे. त्यावर काहीच मनापासून चिकटत नाही. दाराचा खालचा, बुटांचे ठोकर खाल्लेला भाग आमच्या गाडीत पीपीचा निघाला. त्यावर आधी प्लास्टिकचा अ‍ॅडहीजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा स्प्रे, मारावा लागतो. तो पारदर्शक असतो, अगदी पातळ एक थर द्यायचा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच वर रंग घ्यायचा. उशीर झाला की तो पुन्हा मारावा लागतो.

पण त्याच्याही आधी सिलिकॉन. बाबांना गाडी चमकायला हवी असायची. दर रविवारी डॅशबोर्डवर, दारांवर, मिळेल तिथे पॉलिश. सर्व्हिसला गेली की तिथली पोरंही फुकटात आणखी एक हात मारायची. या पॉलिशमध्ये सिलिकॉनचं तेल असतं आणि ते दाण्यादाण्यात जाऊन बसतं. त्यावर रंग मारला की रंग ठिकठिकाणी मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. गॅरेजवाले त्यांना फिश आय म्हणतात. वरून कितीही थर दिले तरी ते भरत नाहीत.

ते काढताना क्रम महत्त्वाचा. आधी धुवायचं, मग घासायचं. आधी पॉलिश पेपर चालवला तर सिलिकॉन ओरखड्यांत आणखी खोल जातं. मी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात नायलॉनच्या घासणीने पॅडं घासली, सुकवली, मग वॅक्स आणि ग्रीस काढायच्या द्रावणाने पुसली. पुसायची दोन फडकी: एकाने ओलं करायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलं तर तेल इकडचं तिकडे जातं, निघत नाही. फडकी सारखी बदलायची, त्यात काटकसर नको. त्यानंतर ओला ६०० नंबरचा पेपर हलक्या हाताने, पण फक्त गुळगुळीत एबीएसवर. दाणेदार पीपीवर पेपर चालवला की दाणा जातो, तिथे घासणीच पुरे.

आता खरंच साफ झालं का, हे बघायला पाणी शिंपडायचं. घासलेल्या स्वच्छ एबीएसवर पाणी सलग पसरतं, तेल राहिलं असेल तिथे मागे सरून थेंब धरतं. पीपीवर मात्र ही परीक्षा चालत नाही, कारण ते कितीही स्वच्छ असलं तरी पाण्याचे थेंबच होतात. हे माहीत नसेल तर माणूस दिवसभर एकच पॅड धूत बसेल.

रंगाच्या छटेपेक्षा त्याची चमक जुळणं जास्त गरजेचं असतं. गाडीतला काळा बहुतेक वेळा काळा नसतो, गडद राखाडी असतो. ते ऊन पडलेल्या जागी पॅड ठेवून बघितलं की कळतं. छटा थोडी इकडे-तिकडे झाली तरी डोळा सांभाळून घेतो, पण शेजारचा भाग मॅट आणि आपला भाग चकाकता असेल तर ते दहा फुटांवरून दिसतं. शिवाय वरच्या बाजूचं प्लास्टिक चकाकलं तर त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि दुपारी गाडी चालवताना डोळ्यांना त्रास होतो. म्हणून सगळं मॅट घेतलं. हार्डनर घालायचा टू-के रंग जास्त टिकतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुफ्फुसांना वाईट आणि साध्या कापडी मास्कने अडत नाहीत. घरी, गच्चीवर, खाली लोक राहतात तिथे मला ते नको होतं.

गच्चीवर आधी सडा टाकला, म्हणजे धूळ बसते. डबा कोमट पाण्यात ठेवून मग दोन मिनिटं हलवला. वीत-सव्वा वीत अंतरावरून, हात चालता ठेवून, पहिला थर इतका विरळ की खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. एकाच थरात झाकायला गेलं की दाण्यांच्या खळग्यांत रंग साठतो आणि पॅड प्लास्टिकची खेळणी रंगवल्यासारखं दिसतं. दोन थरांच्या मधे थांबायला बसले होते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू वाळवणाचं बघायला आल्या. "अगं, हे नवं आणलंस का?" त्यांनी विचारलं. मी खूश झाले, तोवर त्यांनी खात्री करायला बोट लावून बघितलं.

छत हे सगळ्यात मोठं काम, पण मला तेच सगळ्यात आवडलं. गाडीचं छत म्हणजे आतून पत्र्याखाली एक आकार दिलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड असतो आणि त्यावर फोम चिकटवलेलं कापड. कापड सुटतं ते गोंद गेला म्हणून नव्हे. फोमच कुजतो. त्यामुळे सुटलेल्या जागी सुईने गोंद आत सोडणं किंवा टाचण्या मारणं यांनी काही होत नाही. बोर्ड बाहेर काढावाच लागतो. सनशेड, पकडायची हँडलं, आतला दिवा, खांबांवरची प्लास्टिकं, दारांची रबरं असं सगळं उतरवून, पुढच्या सीटा आडव्या करून, बोर्ड मागच्या दारातून दोघांनी मिळून बाहेर काढला. भाचा मदतीला होता. "मामी, वाकवू का थोडं?" म्हणाला. वाकवायचं नाही. बोर्डला एकदा घडी पडली की नव्या कापडातूनही ती रेघ दिसते. छताच्या कडेला, दारांच्या वर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेल्या गाडीत तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थांबायचं आणि त्यांच्या नळकांड्यांना हात लावायचा नाही.

जुनं कापड सोलल्यावर बोर्डवर पिवळ्या फोमचा चुरा राहिला. तळव्याने चोळलं की अंगावरचं उटणं चोळताना निघतात तशा त्याच्या वळ्या निघतात. मास्क लावून, मऊ नायलॉनच्या ब्रशने, एकाच दिशेने, बोर्डचा पुठ्ठा दिसेपर्यंत हे काढलं. तारेचा ब्रश लावला तर बोर्डाचे पापुद्रे उठतात. इथे जेवढा चुरा राहील तेवढं नवं कापड सुटेल, कारण नवा गोंद बोर्डला न चिकटता चुऱ्याला चिकटतो.

कापड क्वार्टर गेटच्या बाजूच्या एका रेक्झिनच्या दुकानातून घेतलं. मागे तीन मिलिमीटर फोम असलेलं, राखाडी. लांबी बोर्डपेक्षा वीतभर जास्त, कारण खळग्यांत कापड खाल्लं जातं. गोंदाबद्दल शेजारच्या कुशनवाल्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, साधा एसआर गोंद सीटला ठीक. छताला उन्हात नरम पडतो. गरमी झेलणारा घ्या." एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा हात ठेवू देत नाही, बोर्ड त्याला खेटूनच असतो. म्हणून छतासाठीचा, जास्त तापमान सोसणारा स्प्रे गोंद आणला. चाचांनी आणखी एक सांगितलं: "कापड ओढू नका. बसवा. ओढलेलं परत आपल्या जागी जातं."

ते वाक्य काम करताना कळलं. कापड बोर्डवर नीट पसरून अर्ध दुमडायचं. उघड्या अर्ध्या बोर्डवर आणि कापडाच्या मागच्या फोमवर, दोन्हीकडे गोंद मारायचा आणि बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचं. ओला असताना कापड टेकवलं तर गोंद फोममधून वर येतो आणि कापडावर डाग पडतो, तो जात नाही. मग मधल्या रेषेपासून कडेकडे, तळव्याने दाबत जायचं. दिव्याचा खळगा आला की हात घाई करायला लागतो, कारण कापड खळग्यावर ताणलेलं दिसतं आणि ते तसंच दाबून पुढे जावंसं वाटतं. तसं केलं तर पहिल्या उन्हात ते खळग्यावरून उठून तंबू होतं. खळग्याच्या तळाशी आधी बोटांनी कापड टेकवायचं, मग भिंतींना, मग पुढे. कडा मागे वळवून चिकटवल्या, दिव्याची आणि हँडलांची भोकं बोर्डच्या मागून पात्याने फुली मारून उघडली. एक रात्र तसाच ठेवून मग चढवला.

दारांच्या पॅडवरचं कापड याच रीतीने झालं, आकार छोटा म्हणून पटकन.

स्टिअरिंग मी काढलं नाही. मधल्या भागात एअरबॅग असते आणि ती काढणं हे घरचं काम नव्हे. तिच्या झाकणावर रंग, लेप, चिकट कव्हर असलं काही चढवूही नये, कारण ते ठरल्या जागी फाटण्यासाठीच बनवलेलं असतं. फक्त रिंगच्या लेदरवर काम केलं. गाडीच्या लेदरवर रंगाचा आणि वर पारदर्शक लेपाचा थर असतो. पांढरट दिसतं ते लेदर फाटलेलं नसून हे थर घासून गेलेले असतात. घामाचं तेल मुरलेलं असतं, ते सौम्य साबणाचा फेस आणि मऊ ब्रशने काढलं, सुकल्यावर अल्कोहोलने टिपलं. ८०० च्या कोरड्या पेपरने उठलेले तंतू बसवले. दोन बारीक चिरांत लेदरचं लवचिक फिलर नखाच्या टोकाएवढं, पातळ, सुकवून पुन्हा. मग पाण्यावर आधारित लेदरचा रंग स्पंजच्या तुकड्याने, थोपटत. पुसल्यासारखा ओढला की रेघा येतात. थर अगदी पातळ, मधे हेअर ड्रायर. शिवणीचा दोरा राखाडी होता, तो वाचवायला त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक ब्रश वापरला. वरून मॅट टॉप कोट. बुटांचा रंग लावून बघायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्याचं काय होतं ते पांढरा शर्ट घालून गाडी चालवणाऱ्याला विचारा.

गाडी परत जोडताना दारं खोलली त्याच्या उलट क्रमाने, आणि प्रत्येक पॅड दाबायच्या आधी काचेचं बटण जोडून चालवून बघितलं. पॅडच्या मागे जिथे प्लास्टिक पत्र्याला टेकतं तिथे फेल्टची टेप लावली, त्यामुळे आधी खड्ड्यात येणारा कुरकुर आवाजही गेला. सगळं सामान मिळून खर्च पाच हजारांच्या आत राहिला, त्यात बटणांचा संच सगळ्यात महाग.

त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. छत जागेवर आहे. स्टिअरिंगवर उजव्या हाताच्या जागी, जिथे माझी बांगडी घासते, तिथे टॉप कोट किंचित गुळगुळीत झालाय, तेवढ्यापुरता पुन्हा द्यावा लागेल. दाराच्या खालच्या पॅडवर बुटाचा एक ओरखडा पडून पीपी दिसायला लागलं, पण रंगाची कड धरून सोलायला गेलं तर सोलत नाही. डॅशबोर्डवर शेजारच्या सीटपुढे एक चीर आहे, तिला हात लावलेला नाही. तिच्याखाली दुसरी एअरबॅग आहे. आणि सर्व्हिसला गाडी देताना जॉबकार्डावर आता स्वतःच्या हाताने लिहून देते: आतून पॉलिश करू नये.